नुसते ओठ हलव

गायनमास्तरांचा कान फार तयार होता. आठवडाभर ते लोकांचे पियानो सुरात लावत आणि शनिवारी दुपारी चर्चच्या मागच्या खोलीत मुलांकडून गीतं बसवून घेत. पियानोत बहुतेक सुरांना तीन-तीन तारा असतात. एक तार लावताना बाकीच्या दोन बोलू नयेत म्हणून त्यांच्यात कापडाची जाड पाचर खोचतात आणि काम झालं की काढून घेतात. ती काढायला मास्तर कधी विसरले नव्हते.

मुलांमध्ये शिंपीणबाईंची थोरली होती. तिला सगळे भोंगा म्हणत. आवाज जाड, पट्टी स्वतःची, आणि उत्साह एवढा की बाकीचे दुसऱ्या ओळीवर असताना ही कडवं संपवून मोकळी. भोंगा म्हटल्याचं तिला वाईट वाटत नसे. उलट हाक आली की ती ऐटीत ‘ओ’ द्यायची.

त्या वर्षी वार्षिक उपासनेला दुसऱ्या चर्चमधले पाळक येणार होते. मास्तर रोज तालीम घेऊ लागले. मधेच पेटीवरचा हात थांबवून विचारत, “कोण ते?”

“भोंगा, मास्तर,” अख्खी रांग सांगे.

शेवटच्या तालमीनंतर त्यांनी तिला थांबवून घेतलं. “बाळ, उद्या तू नुसते ओठ हलव. आवाज काढू नकोस.”

“मुळीच नाही?”

“मुळीच नाही. देवापुढे गायचंय ना? मग ते नीट व्हायला नको का?”

तिने जरा विचार केला. “बरं,” म्हणाली आणि उड्या मारत गेली.

उपासना छान झाली. पाहुण्या पाळकांनी मास्तरांचा हात हातात घेऊन म्हटलं, “एकही आवाज वेगळा पडला नाही हो.” मास्तरांचे पाय दोन दिवस जमिनीवर नव्हते.

पुढच्या रविवारी शिंपीणबाईंनी त्यांना जेवायला बोलावलं. शिलाई मशीन भिंतीला सरकवून टेबल मांडलं होतं. वाढून झाल्यावर आई म्हणाली, “आज प्रार्थना ताई करेल.”

भोंग्याने हात जोडले, डोळे मिटले. खोलीत काहीच ऐकू येईना. मास्तरांनी डोळे किलकिले करून पाहिलं. तिचे ओठ हलत होते.

“हिचं झालं हे कळायचं कसं?” धाकटा भाऊ कुरकुरला. “माझं जेवण रोज गार होतं.”

“आठवडा झाला, हे असंच चाललंय,” आई म्हणाली. “अगं, मोठ्याने कर की. आम्हाला आमेन म्हणायचंय.”

“मोठ्याने नाही करायची,” भोंगा म्हणाली. “माझा आवाज देवापुढे न्यायचा नाही. मास्तरांनीच सांगितलंय. हो ना, मास्तर?”

तिच्या विचारण्यात तक्रार नव्हती. शिकवलेलं बरोबर सांगितलं ना, एवढंच तिला विचारायचं होतं. ‘हो’ म्हटलं असतं तर तिथेच सगळं मिटलं असतं. पण शिंपीणबाई त्यांच्याकडे बघत होत्या, आणि मास्तरांना त्या नजरेतली आपली किंमत सोडवेना.

“असं कधी म्हणालो मी?” ते हसले. “तुझ्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली असेल, बाळ.”

“आपलं खूळ मास्तरांवर ढकलतेस?” आई तिला रागावली. “माफी माग.”

भोंगा मास्तरांकडे बघत राहिली. मग खाली मान घालून म्हणाली, “चुकले.” मास्तरांनी ताट पुढे ओढलं.

संध्याकाळी घरच्या प्रार्थनेला ते बायकोसमोर बसले आणि सुरुवातच होईना.

“अहो, काय झालं? तुमची प्रार्थना आवरता आवरत नाही एरवी.”

त्यांनी सगळं सांगितलं. बायको हसली नाही, रागावलीही नाही. “देवाला सांगितलंत?”

“दुपारपासून तेच तर सांगतोय.”

“त्याला ठाऊकच होतं. त्या पोरीच्या आईला ठाऊक नाही.”

चूक झाली की आधी देवाला सांगावं, आणि ज्याचं बिघडवलं त्यालाही सांगावं, हा धडा मास्तर दरवर्षी मुलांना शिकवत. त्यातला दुसरा भाग इतका जड असतो हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनीही मुलांना कधी सांगितलं नव्हतं.

शनिवारी त्यांनी शिंपीणबाईंना तालमीला बोलावून घेतलं. त्या दाराशी उभ्या राहिल्या. मुलं रांगेत होती. पेटी बंदच होती.

“बाई, त्या दिवशी तुमची मुलगी खरं बोलत होती,” मास्तर म्हणाले. नजर वर उचलवत नव्हती. “नुसते ओठ हलव, असं मीच तिला सांगितलं. पाहुण्यांत माझं नाव व्हावं म्हणून. आणि तुमच्या घरी बसून मी तिला खोटं पाडलं.”

शिंपीणबाईंनी पदर सावरला.

“म्हणजे माझं ऐकणं बरोबर होतं?” भोंग्याने विचारलं.

“बरोबर होतं. माझं सांगणं चुकीचं होतं. देवाने तुझा आवाज नको म्हटलं नव्हतं, मी म्हटलं. मला माफ कर.”

मास्तरांनी गीत सुरू केलं. मुलं गायली. भोंग्याचे ओठ तेवढे हलत होते. कडवं थांबवून त्यांनी हळूच विचारलं, “म्हणतेस मोठ्याने?”

“आत्ता नको.”

“बरं,” मास्तर म्हणाले. पुन्हा विचारायचा हक्क आपल्याला नाही, हे त्यांना कळलं. बिघडलेली तार ते तासाभरात लावून देत. इथे थांबून राहण्यावाचून त्यांच्या हातात काही नव्हतं.

तालीम संपल्यावर नेहमीप्रमाणे ते प्रार्थनेला उभे राहिले. एरवीची घोटीव वाक्यं आठवतही नव्हती. “प्रभू,” ते म्हणाले, “मी या लेकरांना... मला...” आणि पुढे शब्दच फुटेना. मुलांची चुळबुळ सुरू झाली. कुणीतरी खुदकन हसलं. मास्तरांचे ओठ हलत राहिले, आवाज नव्हता.

तेवढ्यात रांगेतून एक जाड, बेसूर आवाज खोलीभर उमटला.

“आमेन,” भोंगा म्हणाली.