सात पट्ट्या आणि ठिपकेबाबा

तुळसाबाईंच्या पायाचा अंगठा वाचला. हे वाक्य कृपया वाचलंच नाही असं समजा. कारण गोष्ट सुरू होते तेव्हा अंगठा काळा पडत चालला होता, आणि मांडवीच्या किनाऱ्यावर निरंतरबाबांच्या मांडवात चप्पल ठेवायला जागा नव्हती.

चमत्कार असा होता. सात पट्ट्या मांडलेल्या, प्रत्येकीवर एकेका बाबाचं नाव. पहिल्यांदाच आलेल्या माणसाने मनाला ओळखीची वाटेल ती उचलायची. इशारा नको म्हणून बाबा पाठ करून बसत. तरी दहापैकी नऊ जण 'निरंतरबाबा'च उचलत.

"माझा फोटो कधी बघितलास?" बाबा विचारत.

"नाय."

"मग नाव कुठून आलं? मागच्या जन्मातून. सामान तिथेच राहिलं, बाळा, नाव तेवढं घेऊन आलास."

तुळसाबाईंनीही तीच पट्टी उचलली. बाबांनी अंगारा दिला आणि हुकूम सोडला: दहा दिवसांनी येणाऱ्या मंगळवारपासून इन्सुलिन बंद, सुईने नाव पळतं. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की साखर वाढली तर आधी अंगठा जाईल, मग पाऊल.

"आये, पाय जाईल तुझा," त्यांची मुलगी नम्रता म्हणाली.

"नाव माज्या आतून आलं गो. तुला नाय कळायचं."

नम्रताला फार चांगलं कळत होतं. ते नाव तिच्याच दुकानातून आलं होतं. ती शहरात फ्लेक्स आणि स्टिकर छापायची. मे महिन्यात एक शिष्य येऊन सहाशे स्टिकर छापून घेऊन गेला होता. पत्ता नको, फोन नको, फोटो नको, फक्त 'निरंतरबाबा'. माणूस खुळा आहे, असं तिला वाटलं होतं. ते स्टिकर हातखंब्यापासून मांडवीपर्यंत रिक्षांच्या पाठीवर बसले. तिच्या वडिलांच्या, रघूच्या रिक्षावर तर दोन होते.

तिने हे आईला सांगितलं.

"म्हंजे बाबांनी तुज्याकडूनच छापून घेतलं," तुळसाबाई म्हणाल्या. "बघ केवढी शक्ती."

या युक्तिवादाला धरायला कुठे कोपराच नव्हता.

दुसऱ्या दिवशी तोच शिष्य आला. खाऱ्या हवेने पट्ट्यांवरची नावं सुटली होती, नव्या सात हव्या होत्या, आठ दिवसांनी, सोमवारी मिळाल्या तरी चालतील. "आमचं नाव ठेवा. बाकी सहा सुचतील ती घाला."

नम्रताने आईकडून ऐकलेली पाच जुनीच नावं घातली. सहावं आठवेना. गरम प्रिंटरवर दुकानाचा बोका झोपला होता, पांढरा, काळ्या ठिपक्यांचा. तिने लिहिलं, 'ठिपकेबाबा'. मग त्याच नावाचे सहाशे स्टिकर काढून वडिलांच्या हातात दिले.

"हे कोण नवे?" रघूने विचारलं.

"दुकानातले."

"स्टिकर फुकट?"

"फुकट."

रघूची चौकशी संपली. संध्याकाळपर्यंत स्टँडवरच्या चाळीस रिक्षा ठिपकेबाबांच्या झाल्या.

सोमवारी शिष्य पट्ट्या न्यायला आला. "ठिपकेबाबा," तो वाचत म्हणाला, "हे मोठे ना? ऐकलंय."

"आहेत अंगाने," नम्रता म्हणाली, आणि आईला घेऊन त्याच्यामागून मांडवात गेली. हातात झाकलेली टोपली होती.

पहिल्या बाईने पट्टी उचलली. बाबा पाठमोरे होते. "बोल, माई, आतून कोण आलं?"

"ठिपकेबाबा."

बाबांची पाठ दचकली. त्या दिवशी दहा नवे आले. त्यात सहा ठिपकेबाबा निघाले, चार निरंतर.

नम्रता उभी राहिली. "माई, ठिपकेबाबा कोण?"

"म्हायत नाय. पण नाव ऐकलंय म्हंजे मोठेच असतील."

नम्रताने टोपली उघडली. "हे ते. वय तीन. चमत्कार एकच, फ्यूजच्या डब्यात झोपूनही जिवंत आहेत." बोक्याने जांभई दिली. "हे नाव मी आठ दिवसांपूर्वी छापलं, रिक्षांवर लावलं. निरंतरबाबाही मीच छापले, मे महिन्यात. डोळा वाचतो आणि विसरतो. पुढे तेच नाव दिसलं की मन म्हणतं, हा आपला. ओळख कुणी करून दिली हे विचारतच नाही. ओळखीच्या कोळणीकडून बांगडे घ्या, तिने सडके दिले तर उद्या भांडता येतं. स्टिकरशी कसं भांडाल?"

"शाप लागेल," बाबा म्हणाले.

"लावा. नम्रता रघू घवाळी, दुकान स्टँडसमोर. विसराल म्हणून सहाशे छापून देऊ?"

कुणीतरी हसलं. तुळसाबाई हसल्या नाहीत. त्यांनी टोपलीतल्या बोक्याकडे बोट केलं.

"मी पन हाच उचलला असता गो," त्या हळूच म्हणाल्या. "तुज्या बाच्या रिक्षावर रोज वाचते."

मंगळवारी सकाळी त्यांनी स्वतःहून सुई मागितली. आता ते पहिलं वाक्य वाचलं तरी चालेल. बाबांचा मांडव दुसऱ्या तालुक्यात गेला.

गुरुवारी दुकानाच्या पायरीवर नारळ होता. पुढे उदबत्ती, बाजूला वाटीभर दूध. शुक्रवारी नम्रताने नगरपरिषदेत अर्ज दिला:

"मा. मुख्याधिकारी यांस. विषय: नावांबाबत. सदर ठिपकेबाबा हे बोका असून त्यांना नवस करू नये, असा फलक लावण्यात यावा. तसेच शहरात जिथे जिथे कुणाचेही नाव छापलेले, रंगवलेले वा चिकटवलेले आहे, तिथे त्याखाली तेवढ्याच मोठ्या अक्षरांत 'हे नाव तुम्ही फक्त वाचले आहे, या इसमास तुम्ही ओळखत नाही' असे लिहिणे सक्तीचे करावे. सदर आदेश आगामी निवडणुकीपूर्वी काढावा, ही नम्र विनंती."