गळक्या ड्रमला आलेले टोमॅटो

मित्रांनो, अंगभर भोकं असूनही ताठ मानेनं मिरवणारं कोणी तुम्ही पाहिलं आहे का? नसेल, तर माझ्याकडे बघा. मी कपडे धुण्याच्या मशीनमधला जुना ड्रम आहे. अस्सल पोलादी. सध्या मुक्काम दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीच्या कोपऱ्यात. पोटात कपड्यांऐवजी माती आहे, आणि गेल्याच हंगामात मी एका घराला पहिलावहिला टोमॅटो खाऊ घातला. आता सांगा, मिरवू नको तर काय करू?

माझा जन्म एका कारखान्यात झाला. चकचकीत पत्रा वाकवून गोल केला आणि एका यंत्रानं धडाधड माझ्या अंगाला भोकं पाडली. वाटलं, संपलो! पण तपासणाऱ्या माणसानं माझ्या अंगावरून हात फिरवला आणि म्हणाला, "याची भोकं झकास पडलीत." पाणी आत यावं, आपलं काम करावं आणि मुकाट निघून जावं, यासाठी ती होती. तेव्हापासून मला त्यांची कधी लाज वाटली नाही.

मग मी पहिल्या मजल्यावरच्या काकूंकडे आलो. तेव्हा त्या कोणाच्या काकू नव्हत्या, नुकत्याच आई झाल्या होत्या. आधी माझ्या पोटात दुपटी आली, मग चिखलाचे मोजे, मग शाळेचे गणवेश. धाकट्यानं एकदा पट्टा न काढताच पँट आत टाकली. बक्कल माझ्या काठावर असं आदळलं की पोचा पडला. काकूंनी आधी त्याचा कान पिळला आणि मग माझ्या पोच्यावरून हळूच बोट फिरवलं. तो पोचा अजून आहे. सांभाळून ठेवला आहे म्हणा ना.

पुढे मुलं मोठी झाली, आपापल्या वाटेनं गेली. माझ्या वाट्याला दोन टॉवेल आणि एक चादर उरली. माझं बेअरिंगही झिजलं. मी फिरायला लागलो की असा खडखडाट व्हायचा की काकूंना फोनवर मुलांचं बोलणं ऐकू येईना. शेवटी त्यांनी वरच्या मजल्यावरच्या मेकॅनिकला हाक मारली.

हा मेकॅनिक म्हणजे गळतीचा जन्माचा वैरी. जेवताना कुठे नळ ठिबकला, तर हातातला घास ताटात ठेवून उठणारा माणूस. त्यानं मला उघडलं, हलवून पाहिलं आणि म्हणाला, "काकू, या मशीनचं आता काही खरं नाही. नवीन घ्या."

ज्या टाकीच्या पोटात मी इतकी वर्षं फिरलो, ती माझी सोबतीण जिन्याखाली गेली आणि मी त्याच्या गॅलरीत. भंगारवाल्याची वाट बघत. मित्रांनो, एवढे दिवस मी कधी गप्प बसलो नव्हतो.

मेकॅनिकची बायको पडदे शिवायच्या कारखान्यात कामाला होती. दिवसभर लोकांच्या खिडक्यांचे पडदे शिवायचे, आणि स्वतः बसायची ती खोली बिनखिडकीची. घरी आली की ती चहाचा कप घेऊन गॅलरीत उभी राहायची. एके दिवशी तिनं माझ्यात वाकून पाहिलं आणि म्हणाली, "अहो, हा मला द्या. यात मी टोमॅटो लावते."

"तू? अगं, तुझ्या हातून फ्रीजमधली कोथिंबीर जगत नाही!"

"तुम्ही आणताच ती मेलेली!"

पण कोपरा त्यालाही हवा होता. मोटारी, पाइप, पट्टे ठेवायला घरात जागा नव्हती. बरीच वादावादी झाली आणि शेवटी करार ठरला. या हंगामात माझ्यातून निघालेली एक तरी भाजी पानात पडली, तर कोपरा कायमचा तिचा. नाही तर मी भंगारात आणि कोपऱ्यात मोटारी. करार माझ्यासमोरच झाला, पण मला कोणी विचारलं नाही.

माणूस मनानं मात्र वाईट नव्हता. बायको हौसेनं काही करते आहे, तर आपणही हातभार लावावा, म्हणून सुट्टीच्या दिवशी तो सीलंटची नळी घेऊन बसला आणि त्यानं माझं एकेक भोक बुजवलं. अगदी एकेक! वरून बोट फिरवून गुळगुळीत केलं. मग बायकोला बोलावलं.

"बघ. थेंब बाहेर येणार नाही. माझी गॅरंटी!"

"बाई, किती नीट केलंत!" तिनं चक्क टाळ्या वाजवल्या.

दोघंही नवशिकी. मी आतून ओरडत होतो, पण माझं तोंडच बंद केलेलं!

तिनं माती भरली. त्यानं पाकिटातल्या सगळ्या बिया एकदम ओतल्या आणि म्हणाला, "फुल लोड." सकाळी ती पाणी घालायची, संध्याकाळी तो, एकमेकांना न सांगता. कोंब आले तेव्हा तर काय, दोघं माझ्या दोन बाजूंना गुडघ्यांवर बसून बघत राहिली. आणि मग एकेक रोप पिवळं पडून मान टाकायला लागलं. मातीला कुबट वास यायला लागला. ती वास घेऊन तोंड फिरवायची आणि पुन्हा पाणी घालायची, कारण तिला वाटलं रोपं तहानली आहेत.

एके दिवशी तिनं मातीत बोट खुपसलं. बोट बाहेर आलं ते चिखलानं माखून. तिनं आधी बोटाकडे पाहिलं, मग माझ्या बुजवलेल्या भोकांकडे, मग त्याच्याकडे.

"मुद्दाम केलंत ना? कोपरा हवा होता म्हणून?"

तो उठला, पेचकस घेऊन आला, माझ्यातली माती वर्तमानपत्रावर उपसली आणि भोकं उकरायला बसला. आपल्याच हातचं नीटस काम उचकटताना माणसाचा चेहरा कसा होतो, ते मी अगदी जवळून पाहिलं. ती दारातून बघत होती. मग आत जाऊन पडद्यांची जाड सुई घेऊन आली आणि माझ्या दुसऱ्या बाजूनं टोकरायला लागली. संध्याकाळी दोघांची बोटं माझ्या एकाच भोकाशी दोन बाजूंनी आली, तेव्हा ती म्हणाली, "चहा टाकू?"

मित्रांनो, वारा पुन्हा माझ्या अंगातून आरपार गेला! तिनं आतून पडद्याचं विरळ कापड लावलं, म्हणजे माती वाहून जाऊ नये. जगलीवाचलेली दोन रोपं पुन्हा लावली. पाणी घातलं. आणि मी गळलो. मनसोक्त गळलो.

नेमका काकूंच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर.

काकू चादर खांद्यावर टाकून जिना चढून आल्या. "अरे ए मेकॅनिक! हा काय चिखल? आजच्या आज तो डबा हलव तिथून!"

"काकू, डबा नाही, ड्रम आहे," तो म्हणाला आणि लगेच जीभ चावली.

त्याची बायको माझ्यापुढे येऊन उभी राहिली. कोपरा आता जातो, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तिला बाजूला सारून काकू माझ्यावर वाकल्या. त्यांचा हात माझ्या काठावर टेकला आणि बोट नेमकं पोच्यात गेलं. तिथंच थांबलं.

"हा तर धाकट्याचा पट्टा," त्या हळूच म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून डोळे वटारले. "इतकी वर्षं माझ्या चादरी धुतल्यास, आणि आता मळवतोस होय रे?"

मला काय उत्तर देता येणार? मी आणखी दोन थेंब गाळले.

काकू वळल्या. "राहू दे त्याला इथंच. पण पुन्हा माझ्या चादरीवर थेंब पडला तर बघ! मेकॅनिक ना तू? मग लाव की डोकं."

मेकॅनिक धडधडत जिना उतरून गेला. परत आला तो माझ्या जुन्या टाकीला कवटाळून! जिन्याखालची धूळ पुसून त्यानं मला पुन्हा तिच्या पोटात बसवलं, खाली विटांचे तुकडे सरकवले आणि तिच्या तळाला तिचाच जुना पाइप जोडून बादलीत सोडला. मी गळायचं, टाकीनं झेलायचं, पाइपनं बादलीत सोडायचं, आणि बादलीतलं पाणी पुन्हा झाडांना. आम्ही तिघं पुन्हा कामाला लागलो. फिरणं तेवढं नव्हतं.

पुढे झाडं वाढली. त्यांना आधाराला कारखान्यातल्या वाकड्या निघालेल्या पडद्याच्या दांड्या आल्या. पहिली फुलं गळली तेव्हा तिला दोन दिवस जेवण गेलं नाही. मग एक हिरवी गोटी धरली, मग दुसरी. मेकॅनिक रोज कामावर जाताना वाकून बघायचा आणि पुटपुटायचा, "या मशीनची सायकल फारच लांब आहे बुवा."

आणि एका सकाळी गोटी लाल दिसली.

त्या एका टोमॅटोच्या पातळ पातळ चकत्या तीन ताटल्यांत वाढल्या गेल्या. तिसरी काकूंची.

"आंबट आहे गं," काकू म्हणाल्या.

"आमच्या टोमॅटोला नावं ठेवायची नाहीत," मेकॅनिक फुशारला.

"आमच्या? काल-परवापर्यंत तर माझे होते!" बायको म्हणाली.

"कोपरा तुझा. टोमॅटो आपले."

हंगाम संपला, झाडं वाळली. ती उपटताना दोघं माझ्या शेजारी फरशीवर बसून आपल्या चुका एकमेकांना सांगत होती आणि स्वतःच हसत होती.

"पुढच्या वेळी बिया मी टाकणार. तुम्ही पाकिटाला हात लावायचा नाही."

"आणि पाणी एकानंच घालायचं. आधी बोट घालून बघायचं. तेही एकाचंच बोट."

"आणि सीलंट?"

तो उठून खाली गेला आणि कोणाच्या तरी मशीनमधला एक प्लॅस्टिकचा ड्रम खांद्यावरून घेऊन आला. तिनं संशयानं त्याच्या पिशवीत पाहिलं. पिशवीत ड्रिल होतं.

"याच्या तळाला भोकं कमी आहेत," तो म्हणाला. "आणखी पाडायला हवीत."

मित्रांनो, तुमच्या घरातला एखादा डबा, बादली किंवा ड्रम थकला, तर त्याला भंगारात द्यायची घाई करू नका. त्याला विचारा, अजून काय करशील? आणि रोप लावलंत, तर माया जरूर करा, पण जास्तीचं पाणी निघून जायला वाट ठेवा.

माझ्यात आता नव्या हंगामाची रोपं आहेत आणि घरात दुपारची जेवणं चालली आहेत. तिनं नुकतंच पाणी घातलंय आणि माझं पाणी पाइपातून बादलीत पडतंय. टप. टप. मेकॅनिकचा हात घासासकट मध्येच थांबतो. तो कान देऊन ऐकतो, बायकोकडे बघून हसतो आणि घास तोंडात घालतो.

उठत नाही.