दिराचं रक्त

कृष्णराजनं टांगलेल्या रक्ताच्या पिशवीवर टिचकी मारली आणि नळीतून उतरणारं रक्त दीपमालाच्या हातापर्यंत डोळ्यांनी पोचवलं.

"वैनी, आता माझं रक्त तुमच्या अंगात खेळणार. आता तरी दिराला परकं म्हणू नगा."

सास्तूरहून बाळंतिणीला बघायला आलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. हसणारच. दीर-भावजयीची थट्टा म्हटली की सगळं माफ! त्या थट्टेच्या आडून या गड्यानं लग्नापासून काय काय खपवलं होतं. न्हाणीच्या दाराशी उगाच खाकरायचं, तांब्या घेताना बोटं चाचपायची. सासू कमलबाई 'चेष्टेखोर हाय' म्हणून सोडून द्यायच्या. नवरा रणधीर तर स्वतःच हसायचा. आत्ता तो औषधं आणायला खाली गेला होता.

बाळंतपणात अंगावरून फार गेल्यानं दीपमाला पांढरीफटक पडली होती. कृष्णराज रक्तपेढीत रक्त देऊन आला, आणि तेव्हापासून हातावरचा कापूस मिरवत वॉर्डात हिंडत होता.

पिशवी लावताना नंदा सिस्टरनं बजावलं होतं, "थंडी वाजली, खाज सुटली, दम लागला, की लगेच सांगायचं. लाजायचं नाही."

थंडी वाजली. आधी पाठीतून शिरशिरी गेली, मग दातांवर दात आपटायला लागले. मानेवर, पोटावर खाज उठली. दीपमालानं ओठ घट्ट मिटले. यात सांगायचं काय? हा माणूस खाटेच्या काठाला टेकला की तिच्या अंगावर असाच काटा यायचा, कातडी ओरबाडून टाकावीशी वाटायची. आज तर मेल्याचं रक्तच आत चाललं होतं. किळस ती, दुसरं काय! ती गिळायची तिला सवय होती. तिनं चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली.

तान्ही पोर रडायला लागली. "घे गं पदराखाली," म्हणत कमलबाईंनी चादर सारली आणि त्यांचा हात जागीच थांबला. सुनेच्या गळ्यावर, छातीवर गांधी उठल्या होत्या. अंग तव्यागत तापलं होतं.

"सिस्टर! अवो, पळा!"

नंदानं आधी रक्त बंद केलं. डॉक्टर आले, इंजेक्शनं झाली, बायकांना बाहेर काढलं. कापरं ओसरल्यावर नंदा कडाडली.

"बजावलं होतं ना? असं कितीतरी जणांना होतं, वेळेत थांबवलं की उतरतं. पण अंगावर काढलं असतं तर जिवावर बेतलं असतं! लेकरू पोरकं करायचं होतं का? बोलली का नाहीस?"

"मला वाटलं... भावजींचं रक्त हाय, म्हणून तसं हुतंय."

"त्यांचं कुठलं? त्यांची पिशवी बदली म्हणून रक्तपेढीत जमा झाली. ही दुसऱ्याच कुणाची तरी होती."

दीपमालानं गळ्यावरच्या गांधींवरून बोट फिरवलं.

दुपारी दुसरी पिशवी लागली, तेव्हा कमलबाई आणि बायका पुन्हा खाटेभोवती जमल्या होत्या. कृष्णराज पुन्हा येऊन तिच्या पायांपाशी खाटेवर ऐसपैस बसला.

"आमच्या रक्तात गरमीच लई. सोसलं न्हाय व्हय, वैनी?"

नंदानं दीपमालाचं मनगट धरलं. "कसं वाटतंय? थंडी? खाज?"

"थंडी न्हाय. खाज न्हाय." आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "किळस येती. हे खाटंवर बसले की येती. लगीन झाल्यापासनं येती."

कुणी हसलं नाही. कृष्णराजचं तोंड उतरलं. त्यानं आईकडं बघितलं.

"आता काय चेष्टा बी करायची न्हाय का, आई?"

कमलबाईंनी नातीला खांद्यावर घेतलं. तिची पाठ थोपटत त्या म्हणाल्या, "ऊठ तिथनं."

"आगं, पण दीर हाय मी—"

"ऊठ म्हणते ना. मला बी दीर हुता."