रॉस्कोचा सूर

आमचं चार सुरांत गाणारं मंडळ वाचवायचं म्हणून आम्ही वाचनालयात आणि पशुखाद्याच्या दुकानात जाहिरातीचे कागद चिकटवले, तेव्हा कुणी येईल अशी मला काडीचीही आशा नव्हती. पण मंगळवारी चर्चच्या तळघरात उतरलो तर खुर्च्या कमी पडलेल्या. तरणी मुलं होती, बायका होत्या, शाळेची बस चालवणारी जोडी नावाची एक बाई होती. आमचा टेनर डेल्बर्ट तर आनंदाने हॅमचे सँडविच वाटत सुटला. मग सगळ्यांना गायला लावलं आणि माझं डोकंच फिरलं. झाडून सगळे चाल, म्हणजे गाण्याची मुख्य धूनच, गायला लागले.

चाल माझी. ती गायला अक्कल लागत नाही, असं माझी बायको लग्न झाल्यापासून सांगत आली आहे. टेनर माझ्या वर, बास माझ्या खाली, आणि आम्ही तिघांनी घेऊन जे उरेल ते बॅरिटोनच्या वाट्याला. उरलंसुरलं, वाकडंतिकडं, मध्येच वर उडी, मध्येच खाली बुडी. बॅरिटोन एकटा गाताना ऐकलं तर त्या माणसाचं पोट दुखतंय असं वाटतं. पण त्याचा सूर काढून घ्या, गाणं तिथल्या तिथे पोकळ होतं. वाद्य तर आमच्यात नसतंच, झाकायला दुसरं काही नाही. हे सगळं मी त्यांना सांगितलं.

"अहो एमॉरी, मला शिकवा ना ते उरलेले सूर," जोडी म्हणाली. "मला चालतील. घरात तीन भावांच्या मागून जेवलेय मी."

"मला येत असते तर शिकवले असते, बाई."

"मग कुणाला येतात?"

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. ऑगी, आमचा बास, सहा फुटी गडी, मुळातच तोंड न उघडणारा. त्याने कॉफीच्या कपात डोकं घातलं. येत होते ते आमच्या बॅरिटोनला, रॉस्कोला. आणि रॉस्को त्याची बायको अर्लीन वारल्यापासून मंडळाकडे फिरकला नव्हता. फोन उचलायचा नाही, कॅफेत आला तर पाठ करून बसायचा. गावातली गवत कापायची यंत्रं दुरुस्त करत दिवसभर गॅरेजमध्ये. त्याच्या घरावरून जाताना मला रडू यायचं, आणि मग त्याचाच राग यायचा.

"पुढच्या मंगळवारी आणतो," डेल्बर्टने फुशारकी मारून टाकली.

बाहेर आल्यावर मी त्याला फैलावर घेतलं. "कुठून आणतोस? खिशातून?"

"नाही आणला तर ही माणसं परत येतील का? नुसती चाल काय, मोटारीतसुद्धा गाता येते त्यांना."

बोलला ते खरंच होतं. म्हणून शनिवारी सकाळी आम्ही तिघं रॉस्कोच्या अंगणात जाऊन उभे राहिलो. गॅरेजचं दार वर उचललेलं होतं. तो एका यंत्रावर वाकला होता. आमच्याकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं.

आमच्यात एक रिवाज आहे. गाण्याची शेवटची ओळ, तिला आम्ही शेपूट म्हणतो. तिघं जण शेपूट गात असले आणि एक सूर रिकामा असला, तर ज्याला तो येतो त्याने पुढे होऊन भरायचा. ओळख असो नसो, भांडण असो नसो. विमानतळावर असं घडलेलं मी पाहिलं आहे. तेव्हा आमचा बेत सोपा होता. भोक ठेवून गायचं. रॉस्कोला ते सहन होणार नाही.

डेल्बर्टने गोल शिट्टी फुंकून सूर दिला. "दार लोटून ठेव, मी येतोच आहे," आम्ही गायलो. मधली जागा रिकामी. माझ्याच अंगावर काटा आला, इतकं वाईट लागलं.

रॉस्कोने यंत्राची दोरी खेचली. इंजिन भडभडायला लागलं.

"आता रे?" मी ओरडलो.

ऑगीने मान तिरकी करून ऐकलं. मग त्याने इंजिनाच्या मापाने स्वतःचा सूर जरा खाली घेतला. आम्ही दोघं त्याच्यामागे गेलो, आणि देवाशपथ सांगतो, ते यंत्र आमच्यात येऊन बसलं. अगदी नेमकं नाही, पण बसलं. आम्ही शेपूट पुन्हा धरली, गवत कापायच्या यंत्राला बॅरिटोन करून.

"रॉस्कोपेक्षा बरं गातंय!" डेल्बर्ट किंचाळला. "मंगळवारी यालाच नेऊ! सँडविचही वाचेल!"

इंजिन बंद झालं.

"खाली आहे ते," रॉस्को म्हणाला. इतक्या महिन्यांत आमच्याशी बोललेलं त्याचं पहिलं वाक्य. "गाढवांनो, चांगलं बोटभर खाली आहे. कान आहेत का भोकं?"

"मग तू दे ना वरचा!" डेल्बर्ट म्हणाला.

"माझ्याकडे नाही तो आता."

"नाही म्हणजे? विकलास?"

"डेल्बर्ट, गप्प," मी म्हणालो.

रॉस्को ग्रीसचे हात फडक्याला पुसत राहिला. हात केव्हाच स्वच्छ झाले होते. "अर्लीनच्या दफनाला आपण गायलो," तो म्हणाला. "म्हणजे तुम्ही गायलात. मी नुसते ओठ हलवले. आवाजच निघेना. गावातल्या प्रत्येक लग्नात गायलो, जत्रेत डुकरांच्या स्पर्धेआधीसुद्धा गायलो, आणि तिच्यासाठी नुसते ओठ हलवले. कोणत्या तोंडाने येऊ तुमच्यात?"

त्याला वाटत होतं की हे त्याचं एकट्याचं गुपित आहे!

"आम्हाला माहीत आहे," ऑगी म्हणाला.

रॉस्कोने मान वर केली. "कुणाला?"

"तिघांनाही. चौघांतला एक गप्प झाला तर कळत नाही होय रे?"

"मग बोललात का नाही?"

"बोलायचं काय त्यात?" ऑगी एवढं बोलताना मी प्रथमच ऐकत होतो. "हा डेल्बर्ट सुरात खाली सरकत होता. तुझा सूर घ्यायला. लोकांना कळू नये म्हणून. मी एमॉरीच्या मागून हात घालून याचा कोट ओढला."

"शिवण उसवली माझी," डेल्बर्ट म्हणाला. "चांगला कोट होता."

"तो सूर अर्लीनच्या नवऱ्याचा होता," ऑगी म्हणाला. "दुसऱ्या कुणी का म्हणून घ्यायचा?"

रॉस्को यंत्राच्या सीटवर मटकन बसला. फडकं तोंडावर धरून पोरासारखा रडला. आम्ही तिघं म्हातारे बुजगावण्यासारखे उभे. शेजारीण पानं गोळा करत होती, ती शहाणी बाई आत निघून गेली.

मग तो उठला. ऑगीच्या बाजूला, आपल्या नेहमीच्या टोकाला उभा राहिला. डेल्बर्टने शिट्टी फुंकली. आम्ही शेपूट धरली. त्याचा आवाज गंजला होता, पण सूर तोच, बोटभर वर, जिथे हवा तिथेच. शेवटच्या शब्दावर मात्र त्याचा सूर तुटला.

आम्ही थांबलो नाही. तिघांनी आपापला सूर धरून ठेवला. माझी छाती फुटायला आली, डेल्बर्टचा चेहरा बिटासारखा लाल झाला, पण या खेपेला तो जागचा हलला नाही. ऑगीचा हात त्याच्या कोटावर नव्हताच. श्वास संपत आला तरी आम्ही रॉस्कोकडे न पाहता समोर बघत राहिलो. आणि मग उजवीकडून, हळूच, रॉस्को परत आला.