नाव काढायचं नाही

नलूचं डोकं म्हणजे स्टोव्ह. दोन पंप मारले की भडका. सातवीत असताना बाई वर्गासमोर म्हणाल्या, "तुझ्या डोक्यात मासळीबाजार भरलाय," तर हिने डस्टर टेबलावर आपटला, दप्तर उचललं आणि जी निघाली ती घरीच आली. आईने चोपलं, बापाने समजावलं, पण पुन्हा काही शाळेची पायरी चढली नाही. आता सोळा वर्षांची घोडी झाली होती. पाणी भरायची, बाजार आणायची, आणि अंधेरीच्या त्यांच्या चाळीत कोण कोणाशी बोलत नाही हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं.

तिच्या घरात कोण कोणाशी बोलत नाही हे मात्र अख्ख्या चाळीला ठाऊक होतं.

नलूचे बाबा, दत्ताराम, कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर. मोठ्या खटपटीने त्यांनी थोरल्या मुलाला, गुणाजीला, त्याच खात्यात बदली कामगार म्हणून चिकटवलं होतं. गुणाजीने काही महिने काढले, आणि एक दिवस मनोरीच्या भाऊ कोळ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून निघून गेला. त्या रात्री बाबा जेवले नाहीत. एवढंच म्हणाले, "त्याचा नाव ह्या घरात काढूचा नाय."

लोकांना वाटलं, काय हा राग! नलूला माहीत होतं, तो नुसता राग नव्हता. बाबांचा थोरला भाऊ मालवणच्या समुद्रात गेला तो परत आला नव्हता. तेव्हापासून बाबांनी समुद्राकडे पाठ फिरवली ती फिरवलीच. गणपती पोचवायला जुहूला गेले तरी डांबरी रस्ता संपतो तिथे थांबायचे. वाळूवर पाऊल नाही.

तर घरात दोन नावं बंद. आई, शेवंती, रीत म्हणून नवऱ्याचं नाव घ्यायची नाही. बाबा हट्टाने मुलाचं घ्यायचे नाहीत. नलूला दोन्ही सारखंच खुळं वाटायचं, पण बोलायची सोय नव्हती.

मग एका सकाळी मासळीवाली सुगंधा पाटी खाली ठेवता ठेवता म्हणाली, "नलू, तुझा भाऊ निघाला बघ. रविवारी दुपारच्या भरतीला मार्व्यावरून बोट सुटणार. डहाणूच्या पल्याड चाललेत. आता होळीपर्यंत काय तोंड दिसायचं नाही."

आणि नशीब बघा, त्याच रविवारी चाळीच्या मंडळाची सहल होती. स्पेशल बस, आधी कान्हेरीची लेणी, मग मार्व्याचा समुद्र. आईने रात्रीतून गुणाजीसाठी शेवगुळाचे लाडू वळले, पितळी डबा फडक्यात बांधला. बाबांना समुद्राचं सांगितलंच नाही. म्हणाली, "पांडवांची लेणी आसत. चला, बघून येवया." बाबा दशावतारावर पोसलेले. पांडव म्हटल्यावर स्वतःच टोपी झटकायला लागले.

बसमध्ये माहिती सांगायला पार्ल्याचे मार्तंडराव होते. पेन्शनीत निघालेले इतिहासाचे मास्तर, गळ्यात शिट्टी. मास्तर बघितल्यावरच नलूच्या कपाळावर आठी. त्यांनी शिट्टी मारली, माणसं मोजली, परत मोजली, आणि म्हणाले, "माझ्या सहलीत एकही माणूस मागे राहत नाही. राहिलं तर बस हलत नाही."

बोरिवलीच्या पुढे रान लागलं. बस खाली थांबली आणि मंडळी दगडी पायऱ्या चढून वर गेली. मोठ्या लेण्याच्या ओसरीत दोन्ही बाजूंना दोन उंच मूर्ती. बाबा एकीसमोर हात जोडून उभे राहिले.

"ह्यो भीम मां?"

"भगवान बुद्ध आहेत, दत्ताराम," मार्तंडराव म्हणाले.

बाबांनी जरा विचार केला. "आणि त्या बाजूक अर्जुन?"

"तेही बुद्धच."

बाबा आईकडे वळले. "तू तर पांडव म्हणालंस."

"माका काय ठावक? चाळीखालचो चायवालो म्हणत होतो," आई म्हणाली आणि पदराआड हसली.

मार्तंडराव भिंतीवरची अक्षरं दाखवत होते. कोणी कल्याणचा व्यापारी, कोणी सोपाऱ्याचा. कोणी खोली खोदून दिली, कोणी पाण्याचं टाकं. "आणि प्रत्येकाने आपलं नाव कोरून ठेवलंय. दोन हजार वर्षं झाली, माणूस गेला, नाव राहिलं!"

"आमच्याकडे उलटं आहे," नलू पुटपुटली. "माणूस आहे, नाव गेलं."

"काय म्हणालीस बाळ?"

"काही नाही. अक्षर चांगलं आहे म्हटलं."

खाली झाडाखाली पुरीभाजी झाली. बाबा खोडाला टेकून मजेत होते, कानावरची विडी काढून तोंडात धरली होती, काडी ओढणार तोच मार्तंडराव म्हणाले, "चला, आटपा! इथून मालाडवरून मार्व्याच्या धक्क्यावर. भरतीच्या वेळेला पोचलो तर बोटी सुटताना दिसतील."

नलूने बघितलं. बाबांनी काडी पेटवली नाही. विडी परत कानावर ठेवली. एकदा आईकडे बघितलं, एकदा आईच्या मांडीवरच्या डब्याकडे. मग पाण्याचा तांब्या उचलून उठले, हात धुवायला म्हणून गेले, ते गेलेच.

शिट्टी झाली. माणसं मोजली. एक कमी.

"गो नले, बापूस खंय तुझो?" आई म्हणाली. मग उठून पायऱ्यांच्या तोंडाशी गेली आणि तिला येत होती तेवढी एकच हाक तिने मारली. "अहोऽऽ! ऐकलांत काऽऽ!"

चार बाजूंनी चार नवरे उगवले. एक तर झुडपातून, नाडी बांधत.

"तुम्हाला नव्हे हो!" शेजारच्या कुंदावहिनी आपल्या नवऱ्यावर ओरडल्या. "माझा आवाज ओळखत नाही, आणि लोकांच्या 'अहो'ला बरे धावता!"

सगळे हसले. नलूला मात्र हसू येईना. तिच्या डोळ्यांसमोर भरती चढत होती. ती तरातरा पायऱ्या चढली. वर किती म्हणून लेणी! इथे डोकाव, तिथे डोकाव. एका टाक्याच्या काठावर रिकामा तांब्या होता. त्याच्या पुढे पायरीवर विडीचं थोटूक, लाल दोऱ्याचं, अजून धुरत होतं. त्याच्या वर एक बारीकशी खोली, आत दगडात कोरलेला कट्टा, आणि कट्ट्यावर बाबा.

"बाबा, बस खोळंबलीय. चला."

"तुमी जावा. माझो पाय दुखता."

"पाय दुखतो तर एवढं चढलात कसे?"

बाबांनी पाय आखडून घेतले. मग म्हणाले, "तुमका दोघींका ठावक होता."

"होतं. सांगितलं असतं तर आला असतात?"

"तो थंय आसा?"

"तो म्हणजे कोण?" नलूने मुद्दाम विचारलं.

"कोण ता तुका बरा ठावक आसा."

"मला नाही ठाऊक. नाव घ्या, म्हणजे कळेल."

बाबांनी तोंड भिंतीकडे केलं. त्यांचे हात गुडघ्यांवर होते, आणि बोटं हलत होती, साच्यावर तुटलेला धागा सांधतात तशी. नलूने ते बघितलं. पण डोकं तापलेलं होतं. "बसा मग! बुद्धासारखे बसा! तो होळीपर्यंत येत नाहीये, आणि पुढचं कोणाला माहीत!"

बोलून गेली, आणि तिचा तिलाच चटका बसला. थांबली नाही. धडाधडा खाली आली.

"येतत?" आईने विचारलं.

"वर आहेत. येत नाही म्हणतात."

मार्तंडरावांनी शिट्टी ओठांतून काढली. "मग आपण थांबू. माणूस टाकून मी जाणार नाही."

"मास्तर, भरती तुमच्या शिट्टीसाठी थांबते का?"

"नलू!" कुंदावहिनींनी दटावलं. पण मार्तंडराव चिडले नाहीत. त्यांनी हाताचा कर्णा करून हाक दिली, "दत्ताराऽऽम!" मग सगळ्या पुरुषांनी दिली. डोंगराने प्रत्येक हाक जशीच्या तशी परत पाठवली. वर कोणी हललं नाही.

आईने डबा नलूच्या हातात दिला. पदर नीट केला, खोचला. पायऱ्यांच्या तळाशी जाऊन उभी राहिली आणि आधी इकडेतिकडे बघितलं, चोरी करायच्या आधी बघतात तसं.

"दत्तारामाऽऽ!"

कुंदावहिनींचा हात तोंडावर गेला.

"दत्तारामाऽऽ! खाली येवाऽऽ! तुमचो झील समुद्रार चल्लो हाऽऽ!"

नावापुढे ते 'येवा' इतकं आदराने आलं, की एरवी नलू हसून लोळली असती. वरून चपला वाजल्या. फटाक फटाक, एकेक पायरी सोडून. बाबा खाली आले तेव्हा त्यांचे कान लालबुंद झाले होते.

"लाज वाटूक नाय? चारचौघांत नाव घेतलंस माझा?"

"घेतलंय," आई म्हणाली. पदर अजून खोचलेलाच होता. "इतकी वर्सां घेतलंय नाय, आज घेतलंय. काय झाला? डोंगर पडलो? आता तुमची पाळी."

बाबा तडक बसमध्ये जाऊन बसले.

बस सुटली. मग मागून कुंदावहिनी हळूच म्हणाल्या, "शेवंतीबाई, घेतलंत ते घेतलंत, उखाण्यात तरी घ्यायचं!" आणि सगळी बस फुटली. ड्रायव्हरसुद्धा. बाबा तेवढे खिडकीबाहेर बघत राहिले, जसं काही मालाडच्या रस्त्यावर रामायण चाललंय.

मालाडला रेल्वेचं फाटक बंद. मालगाडी आली ती संपता संपेना. नलू सीटवर बसेना. "मी उतरून पळत जाऊ?" "बस गो, लांब आसा," आई म्हणाली. फाटक उघडलं, आणि रस्त्यात म्हशी.

मार्व्याला बस थांबते न थांबते तोच नलूने उडी टाकली. डबा पोटाशी धरून ती धक्क्याच्या टोकापर्यंत धावली. पाणी काठोकाठ भरलं होतं. मनोरीकडे जाणारी होडी माणसं भरत होती. आणि पलीकडे, खाडीच्या मधोमध, भाऊ कोळ्याची बोट. शीड अर्धं चढलेलं. मागच्या बाजूला पाठमोरा उभा राहून दोर ओढणारा तो गुणाजी. ती पाठ नलूने हजारांत ओळखली असती.

"दादाऽऽ! ए दादाऽऽ!"

वारा समुद्राकडून येत होता. हाक तिच्याच तोंडावर परत आली. मागून आई धापा टाकत आली. "गुणाजीऽऽ!" डोंगरावरचा आवाज आता पार बसला होता. गुणाजी दोर ओढत राहिला.

"होडीवाल्या, तेवढा डबा पोचव ना रे!" नलू ओरडली.

"ती बोट आता हाताला लागते होय?" होडीवाला म्हणाला.

नलूने मागे वळून बघितलं. बाबा रस्ता संपतो तिथे उभे होते. चपलेचं टोक डांबरावर, त्याच्यापुढे वाळू. नेहमीसारखेच. नलूच्या तोंडाशी शिवी आली होती. पण तिच्याकडे बघत नव्हते ते. शिडाकडे बघत होते. शीड वर चढत होतं.

बाबा वाळूत उतरले. चपला रुतल्या, एक मागेच राहिली. धक्क्यावर आले, नलूला कोपराने बाजूला केलं आणि टोकाशी उभे राहिले. साचेखात्यात शेकडो साच्यांच्या खडखडाटात या टोकाचा माणूस त्या टोकाच्या माणसाला हाक मारतो. ती हाक वेगळीच असते. घरात ती त्यांनी कधी मारली नव्हती.

"गुण्याऽऽऽऽ!"

धक्क्यावरची सगळी माणसं वळली. होडीतली वळली. बोटीवरचा गुणाजी वळला. दोर त्याच्या हातातून सुटला, दुसऱ्या खलाशाने तो धरून त्याला शिवी हासडली. गुणाजी काठाशी आला. एवढ्या लांबून तोंड दिसत नव्हतं, पण त्याने दोन्ही हात विचारल्यासारखे वर केले. काय झालं? कोण गेलं?

"काय नाऽऽय!" बाबा ओरडले. "सगळे बरे आसत! होळीक घराक येऽऽ!"

गुणाजीने एक हात डोक्यावर नेला, टोपी नव्हती तरी टोपी काढल्यासारखा, आणि मोठ्याने हलवला. बोट खाडीच्या तोंडाकडे निघाली. मग शीड तेवढं दिसत होतं, आणि नंतर कुठलं शीड कुठल्या बोटीचं ते नलूलाही सांगता येईना.

बाबा परत फिरले. वाळूत आपली चप्पल शोधायला लागले. नलूने शोधून दिली. वाळू झटकून त्यांच्या पायापुढे ठेवली.

बसमध्ये शिट्टी झाली. मार्तंडरावांनी माणसं मोजली. मुद्दाम दोनदा.

"अहो, हय खिडकीक बसा," आई म्हणाली.

चार नवरे वळले.

बाबा आईशेजारी बसले. जरा वेळाने म्हणाले, "परत अहो?"

"मग काय, रोज नाव घेव?"

डबा तसाच राहिला होता. नलूने फडकं सोडलं. कुंदावहिनींना एक दिला, मार्तंडरावांनाही एक दिला, मास्तर असूनसुद्धा. बाबांनी एक घेतला, दाताखाली फोडला, चावत चावत बाहेर बघत राहिले.

"गूळ जास्त पडलो हा," ते आईला म्हणाले. "गुण्याक इतका गोड आवडत नाय."