खोलीत कोण बोललं

शामलानं पदराचं टोक दातांखाली घट्ट धरलं आणि मान खाली घालून लिहायला लागली. समोरच्या बाकावर तिच्याबरोबर शिकणारा भैय्याजी सरावापुरता साक्षीदार होऊन बसला होता. हकिगत त्याची मनातली, अगदी खोटी. पण अंधारात दार कसं वाजलं, म्हातारा चुलता धोतर सावरत कसा उठला, हे तो असं काही रंगवून सांगत होता की दातांतून पदर कधी सुटला ते शामलाला कळलंच नाही.

"हूं," ती म्हणाली. "अग बाई! मग?"

वर्गात हशा पिकला.

"गेली!" भैय्याजीनं मांडीवर थाप मारली. "वहिनी, तुमाले हे काम नाही भेटत. कीर्तनात जाऊन बसा, बुवा खुश होईन!"

पुष्पलताबाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्या पुण्याच्या वकीलबाई. शाळेला दिवाळीची सुट्टी, म्हणून हा वर्ग शिकवणीला मिळाला होता. आणीबाणी उठून सात-आठ महिने झाले होते. ज्यांना उचलून नेलं, ज्यांची घरं पाडली, ज्यांना नसबंदीच्या शिबिरात ओढत नेलं, अशांच्या जबान्या गावोगाव फिरून लिहून आणायला एका नागरिक समितीला माणसं हवी होती. बायकांच्या जबान्या घ्यायला बाईच हवी होती, आणि शिकायला आलेल्यांत बाई एकटी शामला. तिला जमलं नाही तर पुण्याहून कुणाला तरी पाठवणार होते.

"खोलीत जो कोणी जे बोलेल ते लिहायचं," पुष्पलताबाईंनी पुन्हा सांगितलं. "शिपाई 'चहा' म्हणाला तरी लिहायचं. फक्त आपण बोलायचं नाही. हूंसुद्धा नाही. तुम्ही ज्या वाक्याला जोरात हूं म्हणाल, तेच वाक्य समोरची वाढवून सांगेल. मग जबानी तिची राहत नाही, तुमची होते. उद्या समोरचा वकील नेमकं यावरच बोट ठेवेल."

शामलाला ते पटत होतं. पण हूं म्हणणं ती मुळाक्षरांच्या आधी शिकली होती. उमरेडला तिचे वडील मागावर बसून गोष्ट सांगायचे. पोरांचा हूं थांबला की त्यांची गोष्ट थांबे, आणि हातातला धोटाही थांबे. ऐकणारा जागा नाही तर सांगायचं कुणाला? एवढं सोपं होतं ते.

आणि तिला हे काम हवंच होतं. नवरा चंद्रभान छापखान्यात खिळे जुळवायचा. एक पत्रक छापलं म्हणून त्याला नेलं, ते थेट निवडणुकीनंतर सोडलं. शामला तेव्हा बाळंतपणाला माहेरी. लेक दोन महिन्यांची झाल्यावर त्यानं तिला पहिल्यांदा पाहिलं. परत आल्यावर विचारलं तर म्हणे, "झालं ते झालं." सासूला विचारलं, तुम्ही इथे एकट्या, शेजारी कसे वागले? तर रुखमाबाई म्हणाल्या, "चांगले वागले. नळावर मले पहिला नंबर देत." शामलाला बरं वाटलं होतं. त्यावर तिनं पुढे काही विचारलं नव्हतं.

रुखमाबाई आताही व्हरांड्यात नातीला कडेवर घेऊन येरझारा घालत होत्या. पोरगी अंगावर पिणारी, म्हणून शिकवणीचे चारही दिवस तिघी मिळून येत. पहिल्याच दिवशी त्यांनी पुष्पलताबाईंना गाठलं होतं.

"बाई, माहेर कोनतं वं तुमचं?"

"काम झाल्यावर बोलू हं," त्या म्हणाल्या होत्या. काम काही झालं नव्हतं.

आज शेवटची चाचणी. उमरेडहून खरी साक्षीदारीण यायची होती, पण बस वाटेतच बंद पडल्याचा निरोप आला. पुष्पलताबाईंनी घड्याळ पाहिलं. संध्याकाळच्या गाडीनं त्यांना निघायचं होतं.

"आता कुणाची घेणार तुम्ही?"

"माही घे न वं," दारातून आवाज आला.

"आई, तुमची?"

"काहून? मले तोंड नाही काय?" रुखमाबाईंनी पोर भैय्याजीच्या हातात दिली. "धर गा. मुतली तं घाबरू नोको." आणि चप्पल दाराशी काढून त्या बाकावर येऊन बसल्या, हात मांडीवर, जसं फोटो काढायला बसावं.

पुष्पलताबाई खिडकीशी पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. शामलानं ठरलेलं वाक्य विचारलं: "काय झालं ते तुमच्या शब्दांत सांगा."

"चंद्रभानले नेलं," रुखमाबाई म्हणाल्या. "तू उमरेडले होती."

त्या थांबल्या. सुनेकडे पाहिलं. शामलानं लिहिलं. पदर दातांत होता.

"मंग मी एकटीच. नळावर बाया मले पहिला नंबर देत."

पुन्हा थांबल्या. या वेळी जास्त वेळ. शामलाची नजर कागदावर होती, पण सासूची वाट पाहणारी नजर तिला कपाळावर जाणवत होती. चुलीवर दूध वर येतंय आणि आपण हात बांधून बसलोय, असं तिला झालं. एक हूं, एवढंच. पण तो तोंडातून गेला की काम गेलं.

"जाऊ दे," रुखमाबाई गुडघ्यांवर हात टेकून उठू लागल्या. "एवढंच हाय. लिही, अंगठा देतो."

शामलानं दातांतला पदर सोडला. ओठ उघडले.

"हूं," खिडकीकडून आवाज आला. "मंग?"

शामलानं वर पाहिलं. पुष्पलताबाई अजून पाठमोऱ्याच होत्या. चष्मा मात्र त्यांनी काढून हातात घेतला होता.

रुखमाबाई पुन्हा टेकल्या.

"मंग काय बाई. पहिला नंबर काहून देत, तं मी लवकर भराव अन् लवकर निंघाव. माह्यासंग उभं राहाचं भ्याव वाटे त्याईले. मी नळावर गेली का साऱ्या चूप."

"हूं."

"बोलाले कोनी नाही. मी भांड्याइसंग बोलो. नात झाल्याची खबर आली, तं पावभर बत्तासे आनले. साऱ्या गल्लीत फिरली. आत बोलनं आयकू ये, पन दार कोनी उघडे ना. मंग आनून डब्यात ठेवले. मुंग्या लागल्या." त्या हसल्या. "मी म्हनलं, खा बायांनो. तुमी तरी आल्या बारश्याले."

"हूं," खिडकी म्हणाली, जरा हळू.

शामला लिहीत राहिली. बत्तासे, गल्ली, मुंग्या. पहिला नंबर. सगळं सासूच्याच शब्दांत, एकही सुधारला नाही.

शेवटी नियमाप्रमाणे तिनं जबानी वाचून दाखवली. रुखमाबाई आपलंच बोलणं दुसऱ्या कुणाचं असावं तशी मान हलवत ऐकत होत्या. एका जागी शामला अडखळली.

"बाई... इथे खोलीत दुसरं कुणीतरी बोललंय. ते लिहायचं राहिलं."

पोरीला झुलवणारा भैय्याजी ओल्या बाहीसकट जागच्या जागी थांबला.

"नियम काय आहे?" पुष्पलताबाईंनी विचारलं.

"लिहायचं."

"मग लिहा. नावानिशी."

"अन् किती खेपा म्हनल्या तेही लिही वं," रुखमाबाई म्हणाल्या. "एक डाव नाही म्हनल्या त्या."

शामलानं लिहिलं. पुष्पलताबाईंनी कागद घेऊन शेवटपर्यंत वाचला, घडी न घालता पिशवीत ठेवला.

"सोमवारपासून कामाला लागा," त्या शामलाला म्हणाल्या. "पदर मात्र चावू नका, फाटेल."

भैय्याजीनं पोरगी आणून दिली. शामलानं तिला पदराखाली घेतलं, तशी ती गप्प झाली. बाहेर रिक्षावाला घंटी वाजवत होता. पुष्पलताबाईंची ट्रंक कधीच रिक्षात चढली होती. त्या दारापर्यंत गेल्या, आणि परत आल्या. बाकावर रुखमाबाईंच्या शेजारी टेकल्या.

"हिंगणघाट," त्या म्हणाल्या. "माहेर."

रुखमाबाईंनी मांडी घातली, नीट सावरून बसल्या.

"हूं," त्या म्हणाल्या. "मंग?"