दुसरं पाणी

माझा दीर बोलायला फार गोड. त्याने केसाने माझा गळा कापला तेव्हासुद्धा "वहिनी, तुम्ही बसा, मी चहा सांगतो" असंच चाललं होतं.

माझं कपडे धुण्याचं दुकान होतं, एका मोठ्या कंपनीच्या फ्रँचायझीचं. नाव कंपनीचं, यंत्रं कंपनीची, जागासुद्धा कंपनीची. घाम तेवढा माझा. अकरा वर्षांनी मनगटं कामातून गेली, तेव्हा दुकान विकायचं ठरवलं. दिराने हौसेने हात पुढे केला, करारावर सह्या झाल्या. कंपनीची परवानगी यायची होती, तोवर घरातलंच माणूस म्हणून मी त्याला शिकायला काउंटरमागे उभा केला.

आमच्याकडे गिऱ्हाईक यायचं ते डागांसाठी. शाईच्या डागापुढे कंपनीचा द्राव हात टेकायचा. म्हणून मागच्या खोलीत मी माझा द्राव कालवायचे. व्हिनेगर, लिंबाचं सत्त्व आणि आणखी दोन गोष्टी, ज्या मी अजूनही सांगणार नाही. हे कंपनीच्या नियमात बसत नव्हतं. दिराला मी सगळी कृती दाखवली, फक्त दुसरं पाणी दाखवलं नाही. डाग निघाला की कपडा सोड्याच्या पाण्यातून पुन्हा काढावा लागतो. नाहीतर आंबटपणा कापडात राहतो आणि कडक इस्त्री फिरली की पिवळा डाग उमटतो. ते काम मी सकाळी, तो यायच्या आत उरकायचे. सौदा पुरा होईपर्यंत तेवढं हातचं राखलं होतं.

चौथ्या महिन्यात कंपनीचं पत्र आलं. बाहेरचा द्राव वापरता अशी तक्रार आहे, फ्रँचायझी रद्द. म्हणजे माझ्याकडे विकायला काही उरलंच नाही. पंधरा दिवसांत तेच दुकान कंपनीने परस्पर दिराला दिलं. तक्रार कुणी केली हे कळायला मला ज्योतिषी नको होता.

मी दिरावर आणि कंपनीवर दावा ठोकला. तक्रार खोटी, दुकान परत द्या.

"घरातलं घरात मिटव ना," आमचे हे म्हणाले. हे जन्मभर मूग गिळून बसलेत. मी लक्ष दिलं नाही.

मग जुन्या गिऱ्हाइकांकडून कळलं की दिराकडेही शाईचे डाग जातात. तळपायाची आग मस्तकात गेली. मी माझ्या वकीलबाईंच्या पांढऱ्या सदऱ्यावर खिशाखाली शाई सांडली आणि नुसता धुवायचा, इस्त्री नको, असं सांगून त्यांच्या कारकुनाकडून दिराच्या दुकानात पाठवला. सदरा पांढराशुभ्र होऊन आला. सीलबंद पिशवी, वर दुकानाची पावती.

"हा न्यायालयात दाखवायचा," मी म्हटलं, "आणि तिथेच इस्त्री फिरवायची."

"ताई, पण द्राव तुमचा आहे हेही उघड होईल. तुमचाच दावा बुडेल."

"इस्त्रीला परवानगी मिळेल का, तेवढं बघा."

सुनावणीच्या सकाळी दीर व्हरांड्यात आला. वर्षभर तारखांना खेटे घालून तोही मेटाकुटीला आला होता.

"वहिनी, मिटवू या. मी कंपनीशी बोललोय. तक्रार मागे घेतो, दुकान परत तुमच्या नावावर होईल. कागद तयार आहे."

वकीलबाईंनी माझं कोपर दाबलं. वर्षभर मी ह्याच कागदासाठी झुरत होते.

"आणि माझा घात केलात, हे चारचौघांत कबूल कराल?"

"तेवढं सोडा हो वहिनी," तो म्हणाला आणि गोड हसला.

त्या हसण्याने माझं डोकं फिरलं. मी आत गेले.

आत त्याने शपथेवर सांगितलं, मी फक्त कंपनीचाच द्राव वापरतो. मग न्यायाधीशांनी टेबलावरचा पंखा बंद करून मला प्लग दिला. पिशवी सगळ्यांसमोर फोडली. मी इस्त्री चांगली तापवली आणि खिशाखाली दाबून धरली. तळहाताएवढा पिवळा डाग वर आला. कंपनीचा अधिकारी उठून जवळ बघायला आला.

"हा डाग पडणार हे तुम्हाला कसं ठाऊक?" न्यायाधीशांनी विचारलं.

अनुभवाने, एवढं म्हणून सुटता आलं असतं.

"द्राव माझा आहे, साहेब. अकरा वर्षं मीच वापरला. दुसरं पाणी तेवढं ह्यांना शिकवलं नव्हतं."

माझा दावा फेटाळला गेला. त्याच आठवड्यात कंपनीने दिराची फ्रँचायझी काढून घेतली आणि दुकानच बंद केलं.

ते कळलं तेव्हा आम्ही जेवत होतो.

"तुला दुकान परत हवं होतं ना?" ह्यांनी विचारलं. "त्या सकाळी मिळत होतं की."

"हवं होतं," मी म्हटलं. "पण त्याच्या हातून जाताना बघायचं होतं. ते जास्त हवं होतं."

हे ताटावरून उठले आणि खिडकीशी जाऊन पाठ करून उभे राहिले. तो ह्यांचा सख्खा धाकटा भाऊ आहे, हे मला त्या सबंध वर्षात पहिल्यांदाच आठवलं.